सरकत्या काठावरचा मुक्काम : परभणीच्या जिल्हाधिकाऱ्यांस खुले पत्र

मा. जिल्हाधिकारी, परभणी यांस,



‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण, बदलीचा हुकूम हाती आल्या दिवसापासून आपल्या कानावर पडत असेल. तिचा अर्थ जो तो आपापल्या मगदुराप्रमाणे लावतो. बाहेर जमले तर उत्तमच, न जमले तर पोटाला भाकरी देणारी परभणी आहेच, असा एक अर्थ आहे, आणि गोदावरी, दुधना व पूर्णा या तीन नद्यांच्या काळ्या मातीवर पिढ्यान्‌पिढ्या पोसलेल्या आम्हां लोकांना तोच अधिक सयुक्तिक वाटतो. परंतु या म्हणीत पोटाची हमी असली तरी रमणीयतेची नाही, हे कबूल केले पाहिजे. परजिल्ह्यातला मनुष्य परभणीस उतरतो तो गाडी बदलण्यापुरता. आणि येथला मनुष्य चार दिवसांची सवड मिळाली की डोंगर चढायला, धबधबे पाहायला आणि तळ्याकाठी तंबू ठोकून चांदण्यात निजायला शेकडो किलोमीटरांवरच्या भंडारदऱ्यास किंवा पवनेच्या काठी धाव घेतो. आपल्याच जिल्ह्याच्या उत्तर हद्दीवर समुद्राचा भास व्हावा एवढे पाणी पसरलेले आहे, याची आठवण त्याला वर्षातून एकदा, पावसाळ्यात वर्तमानपत्रातून धरणांची टक्केवारी छापून येते तेव्हा होते.

हे पत्र त्या पाण्याविषयी, म्हणजे येलदरीच्या जलाशयाविषयी आहे. मी तीस वर्षे माध्यमिक शाळेत भूगोल शिकविला. फळ्यावर निळ्या खडूने तलाव काढून त्याची कड पुन्हा एकदा ठळक गिरवायची, ही माझी सवय. ती कड किती खोटी असते, हे मला पुस्तकाने न शिकविता येलदरीने शिकविले. माझे जे मागणे आहे ते त्या खोट्या कडेतूनच निघाले आहे, म्हणून प्रथम थोडे भूगोलाचे बोलू द्यावे. जुन्या मास्तराची खोड आहे, ती आपण सोसून घ्याल.

अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावलेली पूर्णा आग्नेयेस वाहत येऊन जिंतूर तालुक्याच्या डोंगराळ भागात शिरते, आणि तेथे, जिंतुराहून पंधरा-सोळा किलोमीटरांवर, तिला अडविणारे मातीचे धरण राज्यपुनर्रचनेनंतरच्या दशकात उभे राहून १९६८ साली पुरे झाले. पायापासून त्याची उंची सुमारे ५१ मीटर, लांबी ४ किलोमीटरांहून अधिक आणि पोटात मावणारे पाणी ९३४ दशलक्ष घनमीटर. मराठवाड्यातल्या मोठ्या साठ्यांत याची गणना होते. धरणाच्या पायथ्याशी साडेसात मेगावॉटचे तीन संच बसविलेले आहेत. त्यांतून वीज निर्माण करून सुटलेले पाणी खाली सिद्धेश्वरच्या धरणात जाते आणि तेथून कालव्यांच्या वाटेने वसमत, परभणी, नांदेडकडील शेतांवर पसरते. असे हे कामकरी पाणी आहे. चाकरीवर निघालेल्या माणसाप्रमाणे ते आज जेथे दिसते तेथे उद्या असेलच असे नाही, आणि त्याला थांबवून ‘आमच्यासाठी जरा शोभेला उभे राहा’ असे सांगण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणासही नाही.

एक गंमत मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. धरणाशेजारच्या वस्तीचे नावच मुळी ‘येलदरी कॅम्प’ असे आहे. धरण बांधायला आलेले अभियंते, कारकून, मुकादम आणि मजूर यांचा तळ तेथे पडला होता. काम संपले, माणसे पांगली, आणि नाव तेवढे एस.टी.च्या पाटीवर मागे राहिले. हल्ली शहरातली मुले ज्याला ‘कॅम्पिंग’ म्हणतात आणि ज्यासाठी माणशी हजार-दीड हजार रुपये मोजतात, त्याचे नाव सरकारी दफ्तरात लावून बसलेले गाव आमच्या जिल्ह्यात पन्नास-साठ वर्षे आहे, आणि त्या नावाचा उपयोग कोणास सुचला नाही!

आता त्या कडेविषयी. पावसाळ्याच्या अखेरीस जलाशय तुडुंब असतो तेव्हा पाणी टेकड्यांच्या कुशीत शिरलेले असते आणि बाभळींची निम्मी खोडे त्यात उभी असतात. रब्बीची आवर्तने सुरू झाली की ते उतरू लागते. काठ कड्यासारखा तुटलेला असता तर हे उतरणे डोळ्यांत भरले नसते. पण येथील काठ पुष्कळ ठिकाणी परातीसारखा पसरट आहे, त्यामुळे पातळी हातभर उतरली की पाणी पाच-पन्नास पावले मागे हटते, आणि होळीच्या सुमारास पाहावे तर दिवाळीत जेथे नाव लागत होती तेथून पाण्यापर्यंत चालत जायला पाऊण तास लागावा. हे झाले साधारण वर्षाचे. २०१५-१६ च्या अवर्षणात साठा उपयोगापलीकडे, मृतसाठ्यात, गेला होता आणि जलाशयाच्या जागी भेगाळलेल्या मातीचे मैदान पडले होते. उलट २०२० च्या पावसाळ्यात तो असा भरला की सांडव्याचे दरवाजे उचलावे लागले. ज्या जलाशयाचा काठ एका वर्षात कोसभर सरकतो आणि चार-पाच वर्षांत नाहीसाच होऊन परत येतो, त्याच्या काठी पर्यटनस्थळ बांधायचे म्हणजे नेमके कोठे बांधायचे? पूर्णपातळीच्या वर बांधले तर आठ महिने तेथून पाणी दिसणार नाही, आणि खाली बांधले तर चार महिने ते पाण्यात राहील.

असल्या स्थळांचे नकाशे मी पाहिलेले आहेत. निरनिराळ्या तलावांचे, निरनिराळ्या काळचे. कोणत्या कार्यालयाच्या भिंतीवर ते सांगण्याचे कारण नाही. त्यांत तलाव भिन्न असले तरी उद्यान एकच असते: प्रवेशद्वारी कमान, आत रंगीत फरशी, नाचणारे कारंजे, नौकाविहाराचा धक्का, आणि सिमेंटचा जिराफ. मराठवाड्यात जिराफाचे एवढे प्रस्थ का, याचा उलगडा मला अद्याप झालेला नाही. पैठणला जायकवाडीच्या पायथ्याशी संत ज्ञानेश्वर उद्यान म्हैसूरच्या वृंदावन उद्यानाच्या धर्तीवर उभारले गेले, तेव्हा त्याला भेट देऊन आलेल्या सहलींचे वर्णन आमच्या शाळेत महिनाभर चालले होते. त्या उद्यानाचे वैभव ज्यांनी पाहिले त्याच पिढीला पुढे त्याची अवकळाही पाहावी लागली. जायकवाडीच्या नाथसागराएवढ्या पाण्याशेजारी ही स्थिती, तर येलदरीच्या माळावर कारंज्यास पाणी कोठून पुरवावे आणि चैत्र-वैशाखात, पारा ४४-४५ अंशांवर गेला असता, त्या रंगीत फरशीवर पाय कोणी ठेवावा?

सरकत्या काठाची दुसरी बाजू याहून महत्त्वाची आहे, आणि पर्यटनाच्या आराखड्यांतून ती हटकून गळते. पाणी हटले की जी जमीन उघडी पडते तिला आपल्या महसुली व पाटबंधारे भाषेत गाळपेर म्हणतात. ती इजाऱ्याने कसायला दिली जाते, आणि ती देताना ज्यांच्या जमिनी धरणात गेल्या त्यांचा हक्क पहिला मानण्याची रीत आहे. ओल्या गाळात नांगर न घालता हरभरा टोकतात, ज्वारी पेरतात, पाण्याजवळच्या पट्ट्यात टरबुजांचे वेल सोडतात. खत नको, पाणी नको. नदीने आणलेली सुपीक माती आणि तिच्यातली ओल एवढ्यावर पीक निघते. जुन्या माणसांच्या बोलण्यात गाव म्हणजे काळी आणि पांढरी: काळी म्हणजे शिवार, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. येलदरीच्या पाण्याखाली काही गावांची काळी आणि पांढरी दोन्ही गेली. महाराष्ट्रात पुनर्वसनाचा कायदा झाला १९७६ साली. येलदरी त्याच्या आधीची. तेव्हा ज्यांना उठावे लागले त्यांच्या नातवंडांना आजोबाचे शेत दरवर्षी पाच-सहा महिने परत भेटते, ते या गाळपेराच्या रूपाने. काठावरच्या अशा एका खातेदाराशी माझी ओळख आहे. त्याने ही सारी व्यवस्था मला एका वाक्यात सांगितली होती: “पाणी सरकलं की जमीन भेटती आम्हाला, गुरुजी, मंग सहा महिने आमची, सहा महिने सरकारची.”

त्याची आणि माझी ओळख कशी झाली, हा प्रसंग येथे सांगणे भाग आहे, कारण माझे मागणे त्या रात्री ठरले.

मार्गशीर्षातली गोष्ट आहे. दहावीच्या वर्गातली चोवीस मुले आणि आम्ही तीन शिक्षक येलदरीच्या काठी एका रात्रीच्या मुक्कामाला गेलो होतो. तंबू नव्हते, शाळेच्या सतरंज्या, मंगल कार्यालयातून आणलेल्या दोन कनाती आणि प्रत्येकाची घोंगडी, एवढा सरंजाम. कोठे उतरावे हे कळेना, कारण जेथवर दृष्टी पोचे तेथवर कोवळा हरभरा होता. तेव्हा हा गृहस्थ खांद्यावर काठी टाकून आला आणि आम्ही अजिजीने विचारले असता म्हणाला, “राहा की, काहून नाही? हरभऱ्यात तेवढ्या खुंट्या ठोकू नका.” त्यानेच बांधाशेजारची, पीक न घेतलेली मुरमाड जागा दाखविली, चुलीसाठी तुराट्या दिल्या आणि पाण्याकडे कोणी जाऊ नये असे दिवस मावळण्यापूर्वी दोनदा बजावले. ते मी मुलांना पुरेशा कडक शब्दांत सांगितले नाही. एक मुलगा ताट धुवायला म्हणून पाण्याच्या कडेला गेला. वरून वाळलेला, नकाशातल्या नद्यांसारख्या भेगा पडलेला तो गाळ आत लोण्यासारखा होता, आणि चार पावलांत तो मांडीपर्यंत रुतला. बाहेर पडण्यासाठी धडपडावे तसा आणखी आत जाई. त्या शेतकऱ्याने धावत येऊन कडब्याच्या चार पेंढ्या पुढे टाकल्या, त्यांवर स्वतः पालथा झाला, मुलालाही आडवे व्हायला सांगितले आणि काठीला धरून त्याला ओढून काढले. सारे पाच मिनिटांत उरकले. मुलाचा एक बूट अजून तेथेच आहे. चूक सर्वस्वी माझी होती, आणि ज्या धड्यासाठी मी मुलांना तेथे नेले होते तो धडा त्या संध्याकाळी मास्तरानेच घेतला.

रात्री शेकोटीभोवती बसलो असता एका मुलीने विचारले, “सर, पाणी सरकते ते दिसत का नाही?” उत्तर देण्याऐवजी आम्ही त्या गृहस्थाला बरोबर घेतले, त्याच्या ओळखीच्या घट्ट जागेवरून पाण्यापर्यंत गेलो आणि जेथे पाण्याची रेघ होती तेथे एक खुंटी रोवून परत आलो. पहाटे गारठ्याने कोणास झोप लागली नव्हतीच. उजाडताच सारे धावले. पाणी खुंटीपासून दोन हात मागे गेले होते. दूर उथळ पाण्यात चक्रवाकांची जोडपी उतरलेली, थर्मोकोलच्या तराफ्यांवर बसून भोई जाळी उचलीत होते, आणि चोवीस मुले त्या दोन हातांच्या ओल्या पट्टीकडे डोळे लावून उभी होती. इतक्या वर्षांत माझ्या कोणत्याही तासाला एवढी शांतता मी पाहिली नव्हती. कोणीतरी त्या पट्टीवर पाऊल टाकणार, इतक्यात चारपाचजण एकदम ओरडले, “रुतशील!”

तेव्हा येलदरीचे पाहण्यासारखे काही असेल तर हे सरकणे आहे. ते पाहायचे तर माणसाने त्याच्या मागोमाग सरकले पाहिजे. आज येथे, पंधरा दिवसांनी त्या टेकाडाच्या पलीकडे, माघात आणखी खाली. अशा हलत्या मुक्कामाची तजवीज करावी, काठावर पक्के बांधकाम काहीही करू नये, हे माझे मागणे आहे.

ही कल्पना परकी वाटू नये म्हणून सांगतो. आपल्या जिल्ह्याला हलते मुक्काम नवे नाहीत. शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी दरवर्षी परभणी, गंगाखेड या वाटेने पंढरपुरास जाते. शेकडो वारकऱ्यांची राहुटी संध्याकाळी पडते, पाणी, दिवाबत्ती, औषध, बंदोबस्त यांची व्यवस्था आपल्याच हाताखालचे लोक करतात, आणि सकाळी त्या जागी राखेचे दोन ढिगारे आणि पत्रावळींखेरीज काही राहत नाही. त्याही उचलल्या जातात. जनाबाईचे गंगाखेड ज्या जिल्ह्यात आहे तेथे चालत जाऊन उघड्यावर मुक्काम करणे लोकांना कोणी शिकवावे लागत नाही. मेंढ्यांचा वाडा घेऊन फिरणारे धनगर शेतात चार रात्री बसतात आणि उठताना शेताला खत देऊन जातात. शेतकरी उलट त्यांनाच धान्य देतो. शहरातून आलेला पाहुणा गाळपेरावर दोन रात्री राहिला तर त्याने निदान तेवढ्या मर्यादेने राहावे, एवढीच अपेक्षा आहे.

चालण्याजोगा प्रदेशही आहे. जिंतूर शहरालगत नेमगिरीचा डोंगर आणि त्याच्या पोटातली जैन लेणी आहेत. तेथे अतिशय लहानशा आधारावर तोललेली पार्श्वनाथांची मूर्ती पाहून भाविक हात जोडतो आणि विज्ञानाचा शिक्षक वाकून खाली पाहतो. मी दोन्ही केले आहे. त्याच तालुक्यात चारठाण्याला यादवकालीन मंदिरांचा समूह आणि एक उत्तुंग स्तंभ उभा आहे, ज्याच्याविषयी एखाद्या युरोपीय गावाने दहा पुस्तके छापली असती. या ठिकाणांपासून जलाशयापर्यंत पायवाटा आहेत. गुराखी आणि बाजाराला जाणारी माणसे त्या रोज वापरतात. त्यांवर फरशी घालण्याची गरज नाही. वळणावळणांवर चुन्याने रंगविलेला एकेक दगड आणि गावाच्या नावाची पाटी, एवढे पुरे.

धबधब्यांच्या बाबतीत मात्र मी आपल्याला भरीव काही देऊ शकत नाही, आणि उगाच आशा लावणार नाही. दख्खनच्या काळ्या पाषाणाला भूगर्भशास्त्रज्ञ ‘ट्रॅप’ म्हणतात. मूळ स्वीडिश शब्दाचा अर्थ पायरी. लाव्हाचे थर एकावर एक आडवे बसल्यामुळे आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे झाले, आणि प्रत्येक पायरीवरून पाणी उडी घेऊ शकते. पण त्यासाठी वर पाणी पडावे लागते. घाटमाथ्यावर ते कोसळते, येथे मोजून पडते. जिंतूरच्या डोंगरात श्रावणातल्या मोठ्या पावसानंतर ओहोळ उड्या घेतात, दोन-तीन दिवस. मग दगडावर शेवाळाची हिरवी रेघ उरते. खरा धबधबा पाहायचा तर नांदेड आणि यवतमाळ यांच्या हद्दीवर पैनगंगेचे सहस्रकुंड गाठावे. भंडारदऱ्याशी स्पर्धा करण्याचा मोह आपल्या हाताखालच्या कोणास झाला तर त्यांना एवढेच सांगावे की तेथे १९२६ साली पुऱ्या झालेल्या विल्सन धरणाला सह्याद्रीचा पाऊस आणि कळसूबाईचा शेजार लाभला आहे, आणि तो निविदा काढून मिळत नाही.

येलदरीचे दरवाजे उघडतात तेव्हा मात्र एक कृत्रिम प्रपात निर्माण होतो आणि जिल्हा लोटतो. त्याविषयी मला कळकळीने लिहायचे आहे. सांडव्यातून सुटलेले पाणी तमाशासाठी सोडलेले नसते. वरच्या अंगाला, बुलढाणा जिल्ह्यातल्या खडकपूर्णा धरणातून किती येत आहे, खाली सिद्धेश्वरात जागा किती आहे, याचा हिशेब घालून अभियंते रात्रीअपरात्री विसर्ग वाढवितात. आणि त्याच वेळी तरुण पोरे पात्रातल्या खडकांवर उतरून, पाठीमागे फेसाळते पाणी घेऊन छायाचित्रे काढीत असतात. विसर्ग वाढल्यावर त्या खडकावरून काठापर्यंत यायला जेवढा वेळ लागतो त्याहून कमी वेळात खडक पाण्याखाली जातो. आपण जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे प्रमुख आहात. या एका ठिकाणी, आणि केवळ याच ठिकाणी, मी पक्क्या बांधकामाची मागणी करतो: उंचावर, सुरक्षित अंतरावर, कठड्याचा एक सज्जा, भोंगा वाजला की त्याचा अर्थ काय, हे ठळक अक्षरांत लिहिलेली पाटी, आणि पात्रात उतरण्याच्या वाटांवर दरवाजे बंद होईपर्यंत पहारा.

बाकीच्या मुक्कामासाठी लागणारे सारे एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मावेल. कापडी राहुट्या, पिण्याच्या पाण्याची टाकी, उचलून नेता येतील अशी शौचकूपे, दोन कंदील, जीवरक्षक जाकिटे, दोर, आणि सर्पदंशावरचे प्रतिविष ज्या रुग्णालयात आहे तेथे पोचविणारे एक वाहन. हे साहित्य जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून घ्यावे (तिचे सदस्य-सचिव आपणच आहात) आणि काठावरच्या गावांतील गाळपेर कसणारे खातेदार व मच्छीमारांच्या सहकारी संस्था यांच्या हवाली करावे. मुक्काम कोठे पडेल हे दर पंधरवड्याला त्यांनी ठरवावे, कारण गाळ कोठे घट्ट आहे, बुडालेल्या पांढरीतली जुनी विहीर कोणत्या झुडपाआड आहे, कोणत्या उथळ पाण्यात पाखरे उतरतात आणि म्हणून तेथे जायचे नाही, हे त्यांना ठाऊक आहे; मुंबईच्या किंवा संभाजीनगरच्या ठेकेदाराला नाही. भाकरी, ठेचा, ताजा मासा, पौषात आगटीवर भाजलेला हुरडा, हे त्यांच्याच घरचे असावे आणि त्याचा पैसा त्यांच्याच घरी जावा. एका मुक्कामावर माणसे किती, याची मर्यादा असावी. ध्वनिक्षेपक असू नये. ज्यांना तो हवा आहे त्यांच्यासाठी मंगल कार्यालये आहेत. दारूबद्दल मी काही लिहीत नाही, कारण लिहून ती थांबल्याचे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही, पण दारू प्यालेल्या माणसाला संध्याकाळनंतर पाण्याच्या बाजूस जाऊ न देण्याची मुखत्यारी त्या खातेदाराला असावी, आणि ती वापरल्यावर त्याच्या पाठीशी आपले कार्यालय असावे.

चैत्र ते भाद्रपद हा मुक्काम बंद राहील. उन्हाळ्यात तेथे सावली नसते, पावसाळ्यात जमीन नसते. आणि ज्या वर्षी पाणी नसेल त्या वर्षी तो पडणारच नाही. ट्रॉली गावच्या शाळेच्या पडवीत उभी राहील, कोणत्याही कंत्राटाचे नुकसान होणार नाही, कोणतेही कारंजे गंजणार नाही. बांधकामाच्या आराखड्यात अवर्षणाच्या वर्षाची नोंद कोणत्या रकान्यात करतात, हे एकदा आपल्या हाताखालच्या लोकांना विचारून पाहावे.

पालम तालुक्यात गोदावरीच्या पात्रात जांभूळबेट आहे. तेथल्या जांभळीच्या सावलीविषयीही मला लिहायचे होते, पण पुराच्या पाण्याने झिजणाऱ्या त्या बेटाचा प्रश्न वेगळा आहे आणि त्यासाठी वेगळे पत्र लिहीन.

एक अडचण राहते ती हद्दीची. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला, तेव्हा पूर्णेच्या या जलाशयालाही मधोमध रेघ पडली: अलीकडचा काठ जिंतूर तालुक्याचा, पलीकडचा सेनगावचा. पाण्याला आणि चक्रवाकांना त्याची खबर नाही, परंतु रात्री एखादी नाव पलीकडे अडकली तर पंचनामा कोणत्या ठाण्यात व्हावा हा प्रश्न खरा आहे. म्हणून या पत्राची एक प्रत हिंगोलीस पाठवीत आहे. आपण दोघांनी एकदा एकाच नावेत बसून याचा विचार केला तर फार बरे.

आपण प्रत्यक्ष यावे ही विनंती. मार्गशीर्षाच्या शुद्ध पक्षात, लवाजमा जिंतुरास ठेवून, एका रात्रीपुरते. थंडी आहे, परभणीच्या कृषि विद्यापीठाची वेधशाळा थंडीच्या लाटेत पाच अंशांखालचे आकडे नोंदविते, आणि पाण्याकाठी गारवा त्याहून झोंबतो, म्हणून घोंगडी स्वतःची आणावी. मी वयामुळे आता खाली निजू शकत नाही, पण बाजेची सोय त्या खातेदाराकडे झाली आहे. संध्याकाळी आपल्या हाताने खुंटी रोवण्यासाठी घट्ट जागा त्याने पाहून ठेवली आहे. फक्त आपण कोणत्या आठवड्यात येणार ते आधी कळवावे, म्हणजे तोवर पाणी कोठवर उतरलेले असेल याचा अंदाज त्याला बांधता येईल.



आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक,
जिंतूर तालुका

प्रत माहितीसाठी सविनय सादर : मा. जिल्हाधिकारी, हिंगोली (पैलतीर)